जिना फिरवताना

त्या दोघांची पहिली गाठ पडली ती एका बाणावर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माउसचा जो इवलासा पांढरा बाण हिंडत असतो ना, त्यावर. कॉम्प्युटर त्याचा होता. पण तिने आपल्या ऑफिसात बसल्या बसल्या त्याच्या पडद्याचा ताबा घेतला होता आणि तो काही बाण सोडायला तयार नव्हता. ती उजवीकडे न्यायची, तो डावीकडे ओढायचा आणि बाण मधल्यामध्ये थरथरत उभा राहायचा.

"सर, माउसवरचा हात काढता का जरा?"

"काढलाय."

"नाही काढलेला. बाण हलतोय."

"तो... सवयीने हलत असेल."

"बाणाला सवयी नसतात, सर."

पलीकडे खुर्ची करकरली. मग तो म्हणाला, "बरं, आता दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलोय. आणि सर म्हणू नका हो. मागे कुणीतरी मास्तर येऊन उभे राहिलेत असं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"सगळे जिनेवाला म्हणतात."

तो खरोखरच जिने करायचा. वडिलांचा कारखाना होता, लाकडाचे आणि लोखंडाचे जिने बनवण्याचा. वडील पेन्सिलीने कागदावर जिना काढायचे आणि मुलगा कॉम्प्युटरवर. यावरून दोघांत रोज थोडी थोडी जुंपायची. आणि ती? हे जिने, घरं, दागिने वगैरे ज्यावर काढतात ते डिझाइनचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत, तक्रारी घेणाऱ्या खोलीत ती बसायची. कानाला हेडफोन, समोर परक्या माणसांचे पडदे. कुठलंही काम झालं की पुन्हा एकदा तपासून पाहिल्याशिवाय 'झालं' हा शब्द ती तोंडातून काढत नसे. म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं होतं खात्रीबाई.

जिनेवाल्याची तक्रार अशी. पडद्यावर चित्र उमटवायचं काम ज्याच्याकडे असतं ते ग्राफिक्स कार्ड त्याने नवंकोरं, भारीतलं आणून बसवलं होतं. तरीही पडद्यावरचा जिना फिरवायला गेलं की तो अडखळत, गचके खात फिरत होता.

"जरा कॉम्प्युटरच्या मागे जा," ती म्हणाली.

"मागे भिंत आहे."

"मग कॉम्प्युटर पुढे घ्या. पडद्याची वायर कुठे खोचलीय?"

धापा टाकल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आणि मग शिंकेचा आवाज आला. "वर एक भोक आहे, त्यात वायर आहे. खाली तसंच दुसरं आहे, रिकामं."

"रिकामं आहे ते नवीन दिसतंय का?"

"चकचकीत आहे."

तिने कपाळाला हात लावला. ते त्याला दिसण्याची सोय नव्हती, हे बरंच झालं. "ते चकचकीत म्हणजे तुमचं नवं कार्ड. तुम्ही पडदा जुन्यालाच जोडून ठेवलाय. नवा माणूस कामावर ठेवला आणि त्याला काम सांगायचंच विसरलात."

"बिचारा," तो म्हणाला. "आणि मी त्याला आळशी आळशी म्हणत होतो."

तिला हसू आलं. तक्रारीच्या फोनवर हसायची तिची पद्धत नव्हती, म्हणून तिने ते खोकल्यावर नेलं. त्याने वायर बदलली. जिना फिरू लागला, आणि काय फिरला! लोण्यातून सुरी जावी तसा. अर्धा फेरा झाला, आणि पडदा काळा. सॉफ्टवेअर बंद. तिच्याकडून जोडलेलं कनेक्शनही तुटलं.

तिने पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून आशेने बघत होतो. हे तर आधीपेक्षा वाईट झालं."

"उलट आहे. आता खरा आजार कळला."

आजार कळला, पण औषध सापडायला वेळ लागत होता, आणि वेळच तर नव्हता. एका गाण्याच्या शाळेला वरच्या मजल्यावर नवे वर्ग काढायचे होते आणि त्यासाठी जिना हवा होता. शाळेने साधा सरळ जिना मागितला होता. जिनेवाल्याने खोली पाहिली आणि त्याच्या डोक्यात बसलं, की इथे गोल जिनाच हवा. मधल्या खांबाशिवाय, वळत वळत वर जाणारा. असा जिना त्यांच्या कारखान्यात कुणीच केला नव्हता. वडिलांनी शेवटी ऐकलं, पण अटीवर. शुक्रवारी शाळेच्या लोकांना पडद्यावर दाखव. त्यांच्यासमोर तुझं यंत्र आडवं झालं, तर पेन्सिलीने सरळ जिना काढायचा आणि हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही.

"न फिरवता नाही का दाखवता येणार?" तिने विचारलं.

"गोल जिना सगळ्या बाजूंनी दिसला तरच कळतो. समोरून नुसता काढला तर नुसती रेघांची गुंतागुंत दिसते, लोक घाबरतात." विनोद संपला होता. "सरळ जिने बाबा माझ्यापेक्षा चांगले काढतात हो. तेच करायचे असतील तर माझी तिथे गरज काय? मग मी दुसरीकडे नोकरीच बघतो."

हे तो तक्रार नोंदवल्यासारखं सरळ आवाजात म्हणाला. तिला मात्र ते लागलं. ती म्हणाली, "उद्या मी स्वतः येते."

खरं तर अशा तक्रारीसाठी प्रत्यक्ष जायची पद्धत नव्हती. तिच्या शेजारच्या टेबलावर तक्रारविभागाच्या प्रमुख बसत. वयाने मोठ्या, म्हणून सगळे त्यांना काकू म्हणत. काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पडदा काळा झाला की कनेक्शन तुटतं, काकू. इथून काही करता येत नाही," ती म्हणाली. "मी कुठे काय म्हटलं?" काकू म्हणाल्या.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड आणि तिच्या टोकाला काचेची खोली. त्या खोलीत कॉम्प्युटर होता. जिनेवाला आवाजावरून तिला उंच, बेफिकीर वगैरे वाटला होता. प्रत्यक्षात मध्यम उंचीचा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला, आणि भुवयांवरही भुसा बसलेला एक माणूस दारात उभा होता. तिला पाहून त्याने हात पुढे केला, मग हाताकडे पाहिलं, पँटला पुसला आणि शेवटी नुसतीच मान हलवली.

"बाण चालवणारे हात हेच का?" ती म्हणाली.

"हेच. आज बांधून ठेवू का?"

तिने कॉम्प्युटरची एक बाजू उघडली. आत मूठभर भुसा निघाला. तो तिने ब्रशने झाडला, कार्ड नीट बसलंय का पाहिलं, पंखा फिरतोय का पाहिलं. तो शेजारी टॉर्च धरून उभा. टॉर्चचा उजेड हवा होता कार्डावर आणि पडत होता तिच्या मनगटावर.

"जरा इकडे."

"हो... सॉरी."

पुन्हा उजेड मनगटावर आला तेव्हा ती काही बोलली नाही.

वडील मध्येच डोकावून गेले. कानावर पेन्सिल, हातात रंधा. "डॉक्टरीणबाई, पेशंट वाचतोय का?"

"वाचेल, बाबा," ती म्हणाली. बाबा कसं काय तोंडात आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"नाही वाचला तरी आमची ना नाही. आमच्याकडे पेन्सिल आहे," असं म्हणून ते गेले.

आधी तिने सॉफ्टवेअरला सांगून पाहिलं, की तू कार्डाची मदत घेऊच नकोस. मग काहीच बंद पडेना, पण जिना असा गचके देत फिरू लागला, की जिनेवाला म्हणाला, "हे बघून लोक लिफ्ट मागतील." ते बाद झालं. मग तिने कार्डाचा ड्रायव्हर पाहिला आणि तिथे घोडं अडलेलं सापडलं.

"ड्रायव्हर म्हणजे?" त्याने विचारलं.

"दुभाषा. सॉफ्टवेअर बोलतं त्याची भाषा, कार्डाला कळते वेगळीच. मध्ये हा उभा राहून सांगतो. तुमचं कार्ड खेळांसाठी बनवलेलं आहे आणि त्याचा हा अगदी ताजा दुभाषा आहे. खेळांची भाषा झकास बोलतो, आपल्या सॉफ्टवेअरचे जुने शब्द विसरलाय. गोल काही आलं, की भंबेरी उडते."

"मग जुना दुभाषा बोलवायचा."

"तेच. कुठला चालेल ते शोधलंय मी. पण तुमच्या इंटरनेटवर तो यायला दिवस जाईल. उद्या ऑफिसातून पाठवते आणि तिथूनच बसवते."

काम संपलं होतं. निघायला हवं होतं. पण शेडच्या मधोमध एक लाकडी जिना उभा होता, नमुन्याचा. तो कुठेच जात नव्हता. छपराखाली हवेत संपत होता. "चढून बघा," तो म्हणाला. ती चढली. सगळ्यात वरच्या पायरीवर टेकली. तो दोन चहा घेऊन आला आणि तिच्या दोन पायऱ्या खाली बसला.

"इथे वर काय आहे?"

"काहीच नाही. इथून खाली बघायचं."

तिने खाली पाहिलं. खाली तोच बसला होता. तिने घाईने चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. खालून बाबांचा खोकला ऐकू आला. खोकला सर्दीचा नव्हता.

गुरुवारी दुपारी तिने ऑफिसातून पुन्हा त्याच्या पडद्याचा ताबा घेतला. तिच्या कॉम्प्युटरवरच शेजारच्या खिडकीत दुसरा एक पडदा उघडा होता, दागिन्यांची डिझाइनं काढणाऱ्या एका बाईंचा. त्यांना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी होती. ती बसायला लावून बाई जेवायला गेल्या होत्या. असे दोन-दोन पडदे एकदम सांभाळणं तिच्यासाठी रोजचंच होतं.

"हात मांडीखाली," तो फोनवर म्हणाला. "आता मी काय करू?"

"गप्प बसा."

"ते जमणार नाही. दुसरं काही सांगा."

"मग जिन्याबद्दल सांगा."

हीच तिची चूक झाली. कारण तो सांगायला लागला. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या उंचीच्या का हव्यात, ते सांगायला लागला. पहिल्या एक-दोन पायऱ्यांतच पायाला उंची पाठ होते, मग माणूस खाली बघत नाही. वर बघतो, गप्पा मारतो, गाणं म्हणतो. "एखादी पायरी बोटभर जरी उंच झाली ना, तरी माणूस ठेचकाळतो. आणि दोष पायाला देतो."

"आणि गोल जिन्यात?"

"गोल जिन्यात आणखी एक गंमत आहे. पुढची माणसं दिसत नाहीत. नुसता आवाज येतो, वरून. वळणापलीकडे कोण आहे ते कळत नाही, आणि चढावंसं वाटतं." मग म्हणाला, "तुमचा फोन आला ना, त्या दिवशी मला तसंच वाटलं."

तिचे कान गरम झाले होते, हेडफोनमुळे नव्हे. हाताने मात्र आपलं काम चालू ठेवलं. जुना ड्रायव्हर उचलला, खिडकीत टाकला, 'बसवा' म्हटलं. पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली.

"झालं," ती म्हणाली. "आता फिरवून बघू."

"अहो, टेम्पो आला दारात. शाळेत सगळं आजच नेऊन ठेवायचंय, बाबा हाका मारतायत. बघायलाच हवं का?"

खात्रीबाईने आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं, "नाही बघितलं तरी चालेल. निर्धास्त फिरवा."

शुक्रवारी सकाळी ऑफिसात आल्या आल्या फोन वाजला. दागिन्यांच्या बाई होत्या, भलत्याच खुशीत. "अगं, काल तू माझ्या मशीनला काय केलंस? नवी आवृत्ती तर आलीच, पण अंगठी अशी काय गुळगुळीत फिरते म्हणून सांगू. तो ड्रायव्हर की काय, तोही बदललायस ना? इथे लिहून आलंय."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. काल 'बसवा' म्हटलं होतं ते कुठल्या खिडकीत? या बाईंच्या खिडकीत. जिनेवाल्याचा दुभाषा होता तोच होता, ताजा आणि विसराळू. आणि तिने जिनेवाल्याला निर्धास्त फिरवा म्हणून सांगितलं होतं.

तिने त्याला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. पुन्हा लावला. कारखान्यात लावला, तिथे कुणी उचलेना. तिने पेन ड्राइव्हवर जुना ड्रायव्हर घेतला आणि काकूंसमोर उभी राहिली.

"काकू, माझ्याकडून चूक झालीय. एकाचं औषध दुसऱ्याला दिलंय. मला जायला हवं, आत्ता."

"तू? चूक?" काकूंनी चष्मा काढला. "जा. आल्यावर बोलू."

टॅक्सीत बसल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. पडदा काळा, शाळेची माणसं एकमेकांकडे बघतायत, आणि बाबा कानावरची पेन्सिल काढतायत. आपल्यामुळे तो जिना जाईल आणि जिन्याबरोबर तोही त्या कारखान्यातून जाईल, या विचाराने ती पुन्हा पुन्हा त्याला फोन लावत राहिली. त्याला ती आवडते की नाही हा प्रश्न त्या वेळी तिच्या मनात आलाच नाही. तिला तो आवडतो, हे मात्र सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा तिला स्वच्छ कळलं. टॅक्सी हलेचना आणि तिला रडू यायला लागलं, तेव्हा.

शाळेच्या तळमजल्यावरच्या दालनात खुर्च्या मांडलेल्या होत्या. मुख्याध्यापिका आणि दोन विश्वस्त येऊन बसले होते. जिनेवाल्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर जिना उभा होता, अजून स्थिर. त्याचा हात माउसवर जात होता.

ती सरळ त्याच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "फिरवू नका."

"तुम्ही? इथे?"

"काल ड्रायव्हर तुमच्या मशीनवर गेलाच नाही. दुसऱ्याच मशीनवर बसवला मी. हा फिरवलात तर बंद पडेल. मला थोडा वेळ द्या."

त्याचा चेहरा उतरला. तो खुर्च्यांकडे पाहू लागला, आणि बाबांकडे. बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते जवळ आले. "काय झालं?"

"थोडा वेळ लागेल, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं, मग घामाघूम झालेल्या तिच्याकडे. आता ते पेन्सिल काढणार, असं तिला वाटलं. त्यांनी खिशातून खडू काढला आणि दोरीचं एक भेंडोळं.

"चला हो," ते शाळेच्या लोकांना म्हणाले, "पडद्यावरचं मग बघू. आधी जागेवर बघा. आमच्यात जिना आधी जमिनीवर काढतात, खऱ्या मापाचा."

ते सगळ्यांना पलीकडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. मुख्याध्यापिकेच्या हातात त्यांनी दोरीचं एक टोक दिलं, मध्यभागी उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला खडू धरून फरशीवर गोल ओढायला सुरुवात केली. गुडघा दुखत होता, तरी वाकून ओढत होते. विश्वस्तांपैकी एकाने उत्साहाने कोट काढला आणि पायऱ्यांच्या रेघा मारायला लागला.

इकडे ती कामाला लागली होती. जुना ड्रायव्हर बसताना पडदा थोडा वेळ काळा होतो, तसा झाला. त्या काळ्या काचेत दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. आता नुसतं थांबायचं होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमच्याकडून अशी चूक झालीच कशी?"

काहीतरी सांगता आलं असतं. दोन खिडक्या सारख्या दिसतात, घाई होती, काहीही. ती काचेतल्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही बोलत होतात. मी तुमच्याकडे लक्ष देत होते आणि कामाकडे नव्हते. असं माझं आजवर कुणाच्याही बाबतीत झालेलं नाही. म्हणजे... मला तुमचं बोलणं आवडतं. तुम्हीच आवडता. आज तुमचं नुकसान झालं तर मला ते कधीच विसरता येणार नाही."

पडदा उजळला. काचेतले चेहरे गेले आणि जिना आला. तो काही बोलणार तेवढ्यात मुख्याध्यापिकेचा आवाज आला, "छान आहे हो, मला चालून बघितल्यावर पटलं. पण खालून कसा दिसेल? माझा वर्ग या जिन्याखालीच बसणार. ते काही जमिनीवर कळत नाही."

सगळे पडद्यासमोर येऊन उभे राहिले. बाबाही आले, हात खडूने पांढरे झालेले. जिन्याची खालची बाजू दाखवायची म्हणजे जिना पूर्ण फिरवायचा, उलटा करायचा. तपासायला वेळच मिळाला नव्हता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "खात्री आहे?"

"नाही," ती म्हणाली. "फिरवा."

त्याने फिरवला. अर्ध्या फेऱ्याला तिने श्वास रोखला. जिना वळला, कलला, पोट दाखवत उलटा झाला. पायऱ्यांच्या खालच्या बाजू पानांसारख्या एकामागून एक उलगडत गेल्या, आणि पडदा जसाच्या तसा राहिला. त्याने आणखी एक फेरा दिला, मग उलटीकडून एक. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अगदी असाच हवा." बाबा बराच वेळ पडद्यासमोर वाकून उभे होते. मग म्हणाले, "खालून मी कधी बघितलाच नव्हता. चांगला काढलायस रे."

मग सगळेच एकदम बोलू लागले. लाकूड कुठलं, कठडा केवढा, काम कधी सुरू. त्याला घेरून टाकलं. तिच्या जिवाचा घोर मिटला होता आणि आता तिथे तिचं काही काम उरलं नव्हतं. बॅग उचलून ती दारापाशी आली. त्याने विश्वस्तांच्या खांद्यावरून एकदा पाहिलं, पण त्याच्या हातात मोजपट्टीचं एक टोक होतं. ती ऑफिसला परतली.

काकू जे बोलणार होत्या ते बोलल्या, आणि फार नाही बोलल्या. "जिनेवाल्याच्या तक्रारी यापुढे मी घेईन. नियम आहे. ज्या गिऱ्हाइकाच्या कामात चूक झाली, ते गिऱ्हाईक पुन्हा त्याच माणसाकडे ठेवायचं नाही."

"हो," ती म्हणाली. नियम योग्यच होता. नियम वाईट नसतात, त्यांची वेळ वाईट असते.

नंतरचे काही दिवस तिला वाईट गेले, हे सांगण्यात आडपडदा कशाला? ती रोज वेळेवर यायची, लोकांच्या वायरी तपासून घ्यायची, सगळं दोन-दोनदा बघायची. पण तिने आपल्या तोंडाने सांगून टाकलं होतं आणि त्यावर उत्तर आलं नव्हतं. फोन वाजला की तिची मान वर व्हायची. शर्ट इस्त्रीचा घातला म्हणून काय झालं, एवढा कसला कामात असतो माणूस, असंही तिच्या मनात यायचं. मग स्वतःचाच राग यायचा. त्याचा जिना वाचला होता, तिला तेच हवं होतं ना? हवं होतं. पण तेवढंच हवं होतं, असं काही नव्हतं.

एका दुपारी काकूंच्या टेबलावरचा फोन वाजला. काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "बोला, तक्रार काय?" मग ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, तक्रारच नाही तर फोन कशाला केलात?" पुन्हा ऐकलं. चष्मा नाकावरून खाली आणला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जिनेवाले आहेत. मशीन उत्तम चाललंय म्हणतात. तुलाच द्यायला सांगतात. तक्रार नाही, म्हणजे माझा काही संबंध नाही. घे."

खोलीतल्या सगळ्यांचे हात एकदम सावकाश चालू लागले. तिने हेडफोन लावला.

"बोला."

"मी रोज तो जिना फिरवून बघतो," तो म्हणाला. "उलटा, सुलटा. बंदच पडत नाही. म्हटलं पडेल, मग फोन करू. तुम्ही फारच चांगलं काम करून ठेवलंत हो."

"हा फोन रेकॉर्ड होतो," ती म्हणाली. "सगळेच होतात."

"होऊ दे. त्या दिवशी तुम्ही बोललात आणि मला उत्तर देता आलं नाही. नंतर फोनवर नुसतं तेवढंच कसं सांगायचं म्हणून कारण शोधत बसलो. कारण काही मिळालं नाही. मला तुम्ही आवडता. झालं."

शेजारी काकू एक कोरा कागद फार लक्ष देऊन वाचत होत्या. तिला एकदम हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. आवाज सरळ ठेवायला तिने खुर्चीत ताठ बसून घेतलं आणि रोज दिवसभर सगळ्यांना विचारते तसं विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

पलीकडे तो क्षणभर गोंधळला. मग त्याच्या आवाजातही हसू आलं. "पहिल्या फोनपासून."

"सतत, की मधूनमधून?"

"सतत."

"त्याआधी काही बदल केला होता?"

"नाही. जे काही बदललं ते नंतरच."

"बंद करून पुन्हा चालू करून बघितलं?"

"बघितलं," तो हळूच म्हणाला. "या आठवड्यात तेच करून बघितलं. बंदच होत नाही."

खोलीत कुणाच्याही कीबोर्डचा आवाज येत नव्हता. तिने हेडफोनचा माइक ओठांच्या अगदी जवळ ओढला.

"इकडेही तसंच आहे," ती म्हणाली.